टँगोतली आई

खारीगाव, भाईंदर (पूर्व)
दि. २३ नोव्हेंबर १९९३, मंगळवार

चि. लोकेश यास,

सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत. गुडघे दुखतात, ते काही नवीन नाही. साक्षी तिसरीत गेली, तुझ्यासारखीच हट्टी आहे. सोडचिठ्ठीनंतरही तुला माझी पत्रं राजश्रीच लिहायची, मी नुसती सांगायचे. हे मात्र मी स्वतः लिहितेय. प्रौढ वर्गात शिकले तेवढंच येतं, चुका काढू नकोस.

विठू बोटीवरून सुट्टीला आला. तुझी चिठ्ठी आणि अर्जेंटिनातल्या त्या टँगोच्या गाण्यांची कॅसेट त्याने दिली. शेजारच्या हंसाबेनच्या टेपवर ऐकली. तू कागदावर मराठीत अर्थ लिहिलास ते बरं केलंस, नाहीतर आम्हांला काय कळणार कप्पाळ? आई वाट बघतेय, आईचे केस पांढरे झाले. मुलगा एका बाईपायी वाया जातो, ती सोडून गेली की याला आई आठवते. जगातल्या बाकी सगळ्या बायका धोकेबाज, एकटी आई खरी. हंसाबेन रडली. मीपण रडले, खोटं कशाला बोलू? तुझी आठवण येत नाही असा एक दिवस जात नाही.

पण मेल्या, त्या गाण्यांत मुलाची बायको कुठे असते रे? चारही गाण्यांत शोधली, सापडली नाही.

तुझे बापू बोटीवर गेले ते सात वर्षं फिरकले नाहीत. तुझी आजी उंबऱ्यात बसून रडायची. लोक म्हणायचे, काय माउली आहे. तिचं रडणं बघून मला घरातून पाय काढता आला नाही. बावीस वर्षांची होते मी. हे आजवर कुणाला बोलले नव्हते.

चिठ्ठीत तू लिहिलंस, ती तिकडची बाई सोडून गेली, मी येतोय, राजश्रीला थांबायला सांग. दोन वर्षांपूर्वी सोडचिठ्ठीवर सही करून पाठवलीस, तेव्हा तिला विचारलं होतंस? तरी मलाच मोह झाला. तू घरी येशील, साक्षीला बाप मिळेल. राजश्रीला रवीचं स्थळ आलं होतं, होकार द्यायचा राहिला होता. आठ दिवस तुझी चिठ्ठी तांदळाच्या डब्यात लपवली. मग दिली तिला. वाचून तिने घडी घातली.

"आई, तुम्ही सांगाल ते करीन," म्हणाली.

मी थांब म्हटलं असतं तर ती थांबली असती. जीभ रेटत नव्हती. तरी म्हटलं, "रवीला हो कळव."

रवी स्टीलच्या कारखान्यात पॉलिशला आहे, पहिली बायको वारली. साक्षीला जीव लावतो. परवा रविवारी विहारात लग्न झालं. राजश्रीच्या माहेरी कुणी उरलं नाही, म्हणून मुलीकडून मीच उभी राहिले.

मुद्दाम उशिरा लिहितेय. आधी कळवलं असतं तर तू तार केली असतीस आणि मी विरघळले असते.

तू ये. शिव्या देईन आणि जेवायला वाढीन. साक्षीला भेट, तिचा बाप आहेस. पण राजश्रीच्या संसारात पाय ठेवायचा नाही. ठेवलास तर आधी मी आडवी येईन.

तुझी आई मी मरेपर्यंत आहेच. आज सही करतेय ती राजश्रीची आई म्हणून.

केसरबाई कोंडिराम