विसाव्या मजल्यावरचा माणूस

सानगडी,
ता. १४ जुलै २०२५

चि. तृप्तीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे समदे ठीक आहेत, तुझी खुशाली देवाजवळ रोज मागते. तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हसू नको. फोन केला असता, पण फोन राहते तुझ्या कमलेशकाकाच्या खिशात, अन् मी बोलली का अख्खं घर कान लावते. म्हणून पत्र.

तू केलेल्या शहराचा फोटो पोचला. मी तर पाहतच राहिली वं! नदी, पूल, त्याच्या मागं उंचच उंच इमारती, अन् खिडकी-खिडकीत दिवा. मी म्हटलं, हे हैदराबाद. तुझी माय म्हणे, मामीजी, असं शहर कुठीच नाही, तृप्तीनं कम्प्युटरवर बनवलं. चार गावचे फोटो जोडायचे, वरून रंगवायचं, अन् सिनेमात नटाच्या मागं लावून द्यायचं. मले आपल्या मंडईच्या जत्रेतलं नाटक आठवलं. गावचा देवाजी राजा झाला होता अन् मागं पडद्यावर महाल. तो ऐटीत खांबाले टेकाले गेला अन् महाल घेऊनच उताणा पडला! तुझा आजा हसून हसून बेजार. तुझ्या महालाले कोणी टेकत नाही ना? मग काही भीती नाही. फोटो साऱ्या गल्लीले दाखवला. गुलाबची सून म्हणे, पोट्टी शहरं बनवते अन् आपल्याले साधा गोठा बांधता येत नाही.

धानाचा रोवणा सुरू आहे. शेतातल्या बांध्या पाण्यानं भरल्या. कंबर धरली माझी, पण बांधावर बसून मी साऱ्यायले बोलते, तेवढं काम मले येते.

आता खरं सांगते. तुझ्या बापाले जाऊन या भादव्यात बारा वर्षं होतात. हैदराबादेत इमारतीच्या कामावर गेला, गणपतीत एक फोन आला का विसाव्या मजल्यावर आहो, मजा आहे, अन् मग काहीच नाही. तुझा काका किती हिंडून आला, ठेकेदाराचा नंबर बंद, कोणी ओळख देत नाही. आता महाराज म्हणतात, बारा वर्षं झाली का माणूस गेला समजावं, पळसाच्या पानांचा माणूस करावा, नारळाचं डोकं लावावं अन् त्याले अग्नी द्यावा. कमलेशनं पितृमोक्ष अमावास्या ठरवूनही टाकली. त्याच्या मनात वाईट नाही, तो थकला. पण मग तुझ्या मायच्या, चंदाच्या बांगड्या उतरतील. ती नुसती भांडे घासत राहते.

मी म्हटलं, माझ्या जित्या पोराले मी पानात जाळू देणार नाही. मले एक पुरावा पाहिजे, असल्याचा नाही तर नसल्याचा. तू त्याच शहरात आहेस पोरी. अमावास्येच्या आत मले काहीतरी शोधून दे. खूण सांगून ठेवते, तू लहान होतीस: तुझा बाप दुपट्टा डोक्याले बांधून मागं त्याच्या टोकाचे दोन शेव सोडे, एक लांब, एक आखूड.

जेवत जा. माया आहे तशीच राहू दे.

तुझी आजी,
रुखमिणी


हैदराबाद,
३० जुलै २०२५

ती. आजीस तृप्तीचा साष्टांग नमस्कार.

तुझे पत्र तीनदा वाचले. देवाजीच्या महालाची गोष्ट ऑफिसात सांगितली, सगळे लोटपोट झाले. आमचे साहेब म्हणाले, आजीला कामावर घ्या.

आजी, आता जे काम चालू आहे त्यात मला बारा वर्षांपूर्वीचे हैदराबाद उभे करायचे आहे. त्यासाठी एका फोटोग्राफरने तेव्हा एकाच गच्चीवरून रोज काढलेले फोटो विकत घेतले आहेत. माझे पहिले काम त्यातली घाण काढायची. घाण म्हणजे क्रेन, ताडपत्र्या, परांच्या आणि परांचीवरची माणसे. सिनेमात शहर पूर्ण झालेले लागते, बांधणारे नको असतात. गेल्या महिन्यात मी अशी सत्तर-ऐंशी माणसे पुसली असतील. मुंगीएवढी असतात, दोन सेकंद लागतात.

तुझे पत्र आले आणि माझा हात थांबला. मूळ फोटो पुन्हा उघडले. एकेक माणूस मोठा करून पाहिला. चार दिवस हेच केले. आणि एका अर्धवट इमारतीच्या विसाव्या मजल्यावर, परांचीच्या टोकाला, दुपट्टा बांधलेला एकजण सापडला. मागे दोन शेव, एक लांब, एक आखूड.

फोटो मोठा करून सोबत पाठवते आहे. बाबा आहेत. फोटो सप्टेंबर २०१३ चा, गणपतीतला आहे, आत्ताचा नाही, हे आईला नीट सांग. पण निदान त्या दिवशी ते होते. याहून जास्त मला मिळाले नाही, आजी. मिळेल असेही वाटत नाही. काका म्हणतात तसे करायचे असेल तर करा. निरोप देताना बाबांचा चेहरा तुमच्याजवळ असावा, एवढेच मला वाटले.

तब्येतीला जप. आशीर्वाद कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
तृप्ती


सानगडी,
ता. ११ ऑगस्ट २०२५

चि. तृप्तीस हजार आशीर्वाद, अन् हजार मोजून झाले का पुन्हा हजार.

माझं सोनं! माझी वाघीण! साऱ्या गावचे माणसं जे करू शकले नाही ते तू बसल्या जागी केलं. फोटो हातात घेतला अन् मी अंगणात बसूनच गेली. तोच! तेच नाक, तेच हसणं. चंदानं पाहिलं अन् पदर तोंडात धरून माजघरात गेली, बाहेर आली तर डोळे लाल अन् म्हणे, मामीजी, चहा ठेवू का? बारा वर्षांत पहिल्यांदा तिनं आपणहून चहाचं विचारलं.

साऱ्या गावात साखर वाटली. महाराज आले तर म्हटलं, तुमचे पळसाचे पानं ठेवा पत्रावळीले, माझा पोरगा सापडला. कमलेश तुझं पत्र बोटानं दाखवून म्हणते, माय, हा फोटो बारा वर्षांचा जुना आहे, तृप्तीनं लिहिलं आहे. मी म्हटलं, जुना असू दे, माणूस तर हसून राहिला! विसाव्या मजल्यावर वाऱ्यात उभा राहून जो हसते तो काय असा-तसा मरते? तिथंच कुठं असंल, लाज वाटत असंल इतक्या वर्षांनी तोंड दाखवाले. तो लहानपणीही असाच. एकदा माझी नवी कळशी विहिरीत पाडली तर दोन दिवस मामाच्या घरी लपून बसला होता, तेव्हा काय मी त्याले मारलं होतं?

कासारीण आली होती सोमवारी. चंदाच्या हातात दोन-दोनच बांगड्या राहत, मी डझन-डझन भरवल्या, हिरव्या. रोवण्यात ती बाया संग गाणं म्हणत होती. तिचा आवाज असा आहे हे मी विसरूनच गेली होती.

आता ऐक. पोळा झाला का चंदाले तुझ्याकडं पाठवून राहिली. कमलेश बसवून देईल. फोटो संग देते. ती एकेका इमारतीवर जाऊन दाखवंल, कोणी ना कोणी ओळखंल. तू स्टेशनवर उभी राहजो, तिले तिथली भाषा येत नाही. लुगडं नवं घेतलं, जांभळं.

जीव लावते तसाच लावत राह. तुझी फार आठवण येते.

तुझी आनंदी आजी,
रुखमिणी


हैदराबाद,
१९ ऑगस्ट २०२५

ती. आजीस तृप्तीचा नमस्कार. पाया पडून लिहिते आहे.

आईला पाठवू नकोस.

फोटो खोटा आहे. माणूस खरा आहे, चेहरा खोटा आहे. मूळ फोटोत त्या माणसाचा चेहरा म्हणजे चार ठिपके होते, दोन काळे, दोन तांबूस. दुपट्टा तेवढा दिसत होता, आणि तसा दुपट्टा तिकडे कितीजण बांधतात. ते चार ठिपके मी तास न् तास पाहिले. मग आईबाबांच्या लग्नाचा फोटो काढला, त्यातला बाबांचा चेहरा उचलला, ऊन ज्या बाजूने येत होते त्या बाजूने उजळला, थोडी धूळ टाकली आणि त्या माणसावर बसवला. हे माझे रोजचे काम आहे. कोणाला कळत नाही याचाच मला पगार देतात.

मला वाटले होते, बाबांना एकदा पाहून तुम्ही शांतपणे विधी कराल. उलट झाले. तू आईला बांगड्या भरवल्यास.

आता उरलेलेही सांगते. फोटो रोज एकाच जागेवरून काढलेले आहेत हे मी लिहिले होते. त्या माणसाच्या फोटोच्या दुसऱ्या दिवशीचा फोटो मी तेव्हाच पाहिला होता, तुला सांगितले नाही. त्यात इमारतीच्या त्या बाजूला परांची नाही. खाली निळी ताडपत्री अंथरलेली आहे. सहा दिवसांनी परांची पुन्हा उभी आहे, नवी. मी रविवारी त्या इमारतीखाली गेले होते. आता तिथे लोक राहतात, बागेत झोपाळे आहेत. तेव्हापासूनचा एक म्हातारा चौकीदार भेटला. तो म्हणाला, परांची पडली तेव्हा तिघे गेले. नावे कोणी लिहिली नव्हती, ठेकेदार त्यांना नंबराने हाक मारायचा, दुसऱ्या दिवशी ठेकेदारही नव्हता. लग्नाचा फोटो दाखवला. ओळखला नाही. नाहीही म्हणाला नाही.

बाबा त्या तिघांत होते की नाही, मला माहीत नाही. यापुढे कधी कळणारही नाही. आईला हे तूच सांग, माझ्याने होणार नाही.

मला क्षमा करणार असशील तरच उत्तर लिही.

तृप्ती


सानगडी,
ता. २३ सप्टेंबर २०२५

चि. तृप्तीस आशीर्वाद. क्षमा-बिमा काही लिहायची नाही, आजीले नातीचा राग करता येते काय?

तुझं पत्र आलं तेव्हा मले अर्धं आधीच माहीत होतं. तुले मागचं पत्र टाकलं, अन् त्याच्या चौथ्या दिवशी मी फोटो देवाजवळ लावाले घेतला. पाहते तर डाव्या भुवईवर वण नाही. तू दीड वर्षाची होतीस तेव्हा गोऱ्ह्यानं शिंग मारलं होतं त्याले, पाच टाके पडले. लग्नात कुठून राहील तो वण? मले कळलं का हे तोंड लग्नातलं आहे. पण चंदा बांधीत गाणं म्हणत होती. मी म्हटलं, म्हणू दे, पोळ्यापर्यंत म्हणू दे. फोटो देवामागं ठेवून दिला अन् चूप बसली. तू एक खोटं केलं, मी त्याले आठ दिवस पोसलं. तुझा हिशोब अन् माझा हिशोब बरोबर.

पत्र आल्यावर चंदाले जवळ बसवलं अन् वाचून दाखवलं. अडखळत वाचते मी, तिनं मधात एकदाही टोकलं नाही. संपलं तर एवढंच म्हणे, मामीजी, निळी ताडपत्री तिथं पुन्हा वाचा. मी वाचलं. मग ती उठली, मोरीजवळ गेली अन् साबण लावून एकेक बांगडी काढली. फोडू दिली नाही कोणाले. डझन-डझन, समद्या साबूत. जांभळं लुगडं तुझ्या काकूले, रिताले देऊन टाकलं.

अमावास्येले कारध्याच्या घाटावर गेलो. नदी दोन्ही थड्या भरून होती. तुले बोलावलं नाही म्हणून रुसू नको, तू आली असती तर मले धीर राहिला नसता. महाराजांनी पळसाची पानं मांडली, हात, पाय, नारळाचं डोकं. कमलेश रडला, मले वाटलं नव्हतं तो इतका रडंल. महाराज म्हणे, आता तुमचा पोरगा मनिष परत आला तर त्याचं नव्यानं बारसं करावं लागंल. मी म्हटलं, करीन, सत्तर वर्षांची मी पाळणा हालवीन, त्याले येऊ तर दे.

मग मी म्हटलं, आता दुसरा बांधा. महाराज म्हणे, दुसरा कोणाचा? मी म्हटलं, फोटोतल्या पोराचा. माझा तिथं होता का नव्हता देवाले ठाऊक, पण हा तर होता. माझ्या नातीनं त्याच्यावर माझ्या पोराचं तोंड लावलं, अन् मी त्याच्या नावानं साखर वाटली. महाराज म्हणे, नाव नाही, गोत्र नाही, घरचा माणूस नाही, असं होत नाही आजी. कमलेशही म्हणे, माय, लोक पाहून राहिले. मग चंदा उठली. उरलेली पानं घेऊन स्वतःच मांडाले बसली. तिले बांधता येत नव्हतं, पाय लहान-मोठे झाले. महाराजांनी दोन मिनिटं पाहिलं, मग खाली बसून गाठी मारून दिल्या. दोघायलेही अग्नी दिला. एकाच वेळेले विझले.

आता एक काम सांगते, नाही म्हणू नको. तुझ्या कम्प्युटरात तो फोटो असंल. त्याच्यावरून मनिषचं तोंड काढून टाक. त्या पोराचे चार ठिपके त्याले परत दे, दोन काळे, दोन तांबूस, जसे होते तसे. अन् सिनेमात जाते त्या शहरातून साऱ्यायले पुसलं तरी चालंल, ते तुझं पोट आहे, पण तो जुना फोटो आहे तसा जपून ठेव. त्याची माय कधी पाहाले आली, तर तिले माझ्या पोराचं तोंड दिसू नये.

जेवत जा. लोभ आटू देऊ नको.

तुझी आजी,
रुखमिणी