ओठांत धरलेली तार

घोडनदी, शिरूर
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रेमाताईंना सविताचा जय ख्रिस्त.

दौंडला सगळे खुशाल असाल. तुमच्या जस्मिनच्या लग्नाची पत्रिका पोहोचली, रंग छान निवडलात. इकडे थंडी पडली आहे.

फोन असताना पत्र कसलं, म्हणून हसाल. पण फोनवर बोलायला लागले की तुमचे भाऊ शेजारी येऊन बसतात आणि मी "सगळं बरं आहे" म्हणते. ते खोटं आहे, ताई.

लग्नात पेटी प्रभुदासच वाजवणार, असं तुम्ही सगळ्यांना सांगून बसलात. त्यांच्यानं वाजणार नाही. उजवा हात मनगटातून लोंबतो, बोटं वर येतच नाहीत. रविवारी चर्चमध्ये सर्दीचं निमित्त सांगून आम्ही मागच्या बाकावर बसतो.

पुण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं; हात त्यानंच गेला म्हणाले. तुमच्या भावांची सवय तुम्हाला ठाऊकच आहे. दुरुस्तीला टीव्ही असो की मिक्सर, एका हातात बोर्ड, दुसऱ्या हातात सोल्डरची तापलेली गन आणि वितळवून जोड द्यायची तार ओठांत. शिंपी दोरा धरतो तशी. नवी नवरी होते तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं. ती तार शिशाची असते हे पुढं कळलं. मग मी बोर्ड धरायचा चिमट्याचा स्टँड आणून दिला, तर साहेब त्यावर चष्मा अडकवायला लागले! पंखा लावला तर गनचं टोक गार पडतं म्हणून बंद करायचे, आणि धूर सगळा तोंडावर. जेवायला हाक मारली की हात पँटला पुसून भाकरी मोडायची. मी भांडून भांडून थकले.

आता डॉक्टर म्हणतात, औषध देऊ, पण त्या कामापासून लांब राहा. हाताचं काही सांगता येत नाही.

परवा बाजारातून आले तर दुकानाचं शटर अर्धं वर. डाव्या हातात गन, आणि तार पुन्हा दातांत! मी ओरडलेच, "अहो, मरायचंय का?"

त्यांनी तार काढली. म्हणाले, "दोन हात व्हते तवा बी तोंड लागायचं, आता तर एकच हाय. काम न्हाई केलं तर मी हाय कशाला, सांग की."

प्रार्थनेत काय मागावं ते आता कळत नाही, ताई. माझी आशा संपली आहे.

आई गेल्यावर त्यांना तुम्हीच वाढवलंत, ते फक्त तुमचं ऐकतात. येऊन दुकानाला कुलूप घाला. माझ्यात ती ताकद उरली नाही.

एक सांगायचं टाळत होते. त्या दिवशी ती तार मी त्यांच्या हातातून घेतली आणि शेजारी स्टुलावर बसले. म्हटलं, निदान त्यांच्या तोंडात तरी जायला नको. तेव्हापासून रोज मीच धरते. पंखा बंदच असतो. काल बोर्ड सरकला, तो सावरायला माझे दोन्ही हात गेले, आणि तार माझ्या ओठांत कधी गेली ते मला कळलंसुद्धा नाही.

लग्नाची वाट पाहू नका. आता दोघांसाठी या.

तुमची,
सविता