भाचीच्या पाया पडणारे मामा

आई, मी लहान असताना रायपूरच्या तात्यापाऱ्यात आपल्या शेजारच्या छत्तीसगढी घरी गावाहून मामा आला होता. पांढऱ्या मिशांचा तो माणूस चिमुकल्या भाचीच्या पाया पडला आणि मी फिदीफिदी हसले. तू कणकेच्या हातानं बाहेर आलीस. "काहून हसून राहिली वं? आपल्यात भाची पाया पडते, त्याईच्यात मामा. त्याईले भाची देवासारखी असते."

मुलींच्या ज्या सरकारी बालगृहात मी समुपदेशक आहे, तिथे गेल्या आठवड्यात एक मुलगी आणली. बाराएक वर्षांची, रेल्वे पोलिसांनी दिल्लीच्या गाडीतून उतरवलेली. दुसऱ्या दिवशी तिला न्यायला मामा हजर. आधार कार्ड, पंचायतीचा दाखला, सगळं जवळ. मुलगी वाकून त्याच्या पाया पडली, त्यानं निवांत तिच्या डोक्यावर हात ठेवला. आपल्या घरच्यासारखंच ते, म्हणून मला क्षणभर बरंही वाटलं. मग लक्षात आलं, मुलगी तर छत्तीसगढी.

बालगृहाच्या साहेबांना सांगितलं. ते हसले. "पैर छूना भी कोई सबूत है मॅडम? कागज पूरे हैं, साइन कीजिए." मी म्हटलं, तिच्या आईशी बोलल्याशिवाय करणार नाही. "अब आप मराठी लोग हमको छत्तीसगढ़ सिखाओगे?" आई, साहेब इथलेच. त्यांचे मामा आजही त्यांच्या पाया पडतात, ते त्यांना चांगलं कळतं. पण त्या दिवशी नव्या रायपूरला बालसंरक्षणाची रॅली होती. फलक धरायला अख्खं ऑफिस निघालं होतं, मुलीच्या गावी एक फोन लावायला कोणी नव्हतं.

मी फोन लावतेय हे पाहून मामा पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला, तो गेलाच. "चलो, मामला खतम," म्हणत साहेब बसमध्ये चढले. कोणी त्याच्यामागे धावलं नाही. मी पोलीस ठाण्यात गेले, तर साहेबांचं पत्र आणा म्हणाले. ते पत्र अजून निघालेलं नाही. तो माणूस आता दुसऱ्या कुठल्या स्टेशनवर दुसऱ्या कुणाचा मामा झाला असेल, आणि आमच्या रॅलीचे फोटो मात्र पेपरात छापून आले.

मुलगी माझ्याशी बोलत नाही. "मोला दिल्ली जाना हे दीदी," मला दिल्लीला जायचंय, एवढंच म्हणते.

एका रिवाजावरून माणसावर संशय घ्यावा का, हे मी त्या दिवशी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारत होते. खरा मामा असता तर? तो पळाला तेव्हा मला आनंद झाला. पण मुलगी वाचली म्हणून नाही, आधी झाला तो माझं बरोबर निघालं म्हणून. हे कोणालाच सांगितलं नाही. तू असतीस, हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार असतं, तर तुलाही लिहिलं नसतं.