डाव्या अंगाने पांढरं हरीण

तीर्थस्वरूप इग्नात्समामांना क्विरिनचा वाकून नमस्कार.

पत्र लिहायला आठ महिने लागले, त्याबद्दल आधी शिव्या घालून घ्या आणि मग पुढे वाचा. तुमचा डावा गुडघा काय म्हणतो? माश्यांनी यंदा मध दिला का, की नुसत्याच चावल्या? आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे गेल्या मंगळवारपर्यंत होतो.

मंगळवारी सकाळी मी परसात, माझ्या सुतारकामाच्या शेडच्या दारात कॉफी घेऊन उभा होतो (कॉफीच होती, नोटबुर्गाने नंतर कप हुंगून खात्री करून घेतली आहे). घेवड्याच्या वाफ्यात एक हरीण. त्यात नवल काही नाही, या उन्हाळ्यात ते रोज येतं, कोवळे शेंडे खातं आणि जाता जाता गुलाबाच्या कळ्या तोंडी लावतं. पण आजवर मी फक्त उष्टे वेल पाहिले होते, खाणारा पाहिला नव्हता. तो नर होता, आणि नाकापासून खुरापर्यंत पांढरा होता. मी कॉफी तिथेच टाकून स्वयंपाकघरात पळालो. नोटबुर्गा खिडकीशी उभी राहून त्याच्याकडेच बघत होती. मी म्हटलं, पांढरं आहे. ती म्हणाली, तांबडं आहे. मी म्हटलं, चष्मा लाव. तिने लावला, पुन्हा पाहिलं, आणि फार शांतपणे विचारलं की कपात काय होतं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात आमचं कशाकशावरून वाजलं नाही, पण रंगावरून कधी वाजलं नव्हतं.

बुधवारी मी कुंपणाला धरून वाकत वाकत त्या प्राण्याला पूर्ण प्रदक्षिणा घातली (या वयात), तेव्हा उलगडा झाला. मामा, ते डाव्या अंगाने पांढरं आहे आणि उजव्या अंगाने तांबडं. मधोमध भांग पाडल्यासारखी सरळ रेघ. ते नेहमी एकाच दिशेला तोंड करून चरतं, त्यामुळे शेडच्या वाट्याला पांढरं येतं आणि स्वयंपाकघराच्या वाट्याला तांबडं. म्हणजे आम्ही दोघंही बरोबर होतो. असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं. निदान मला तरी असं वाटलं. ती म्हणाली, पाहीन तेव्हा खरं.

आता खरी पंचाईत ऐका. त्याआधीच्या रविवारी नोटबुर्गाने जाहीर केलं होतं, की येत्या रविवारपर्यंत या घरात एकतर ते हरीण राहील नाहीतर ती. घेवड्याच्या बारा ओळींपैकी साडेतीन उरल्यात, तिचं चुकतंय असं मी म्हणत नाही. जिन्यावर बॅग भरून ठेवली आहे. ग्राझला बहिणीकडे जाणार, जिच्याशी तिचं दोन तासांच्या वर पटत नाही, यावरून राग किती ते समजा. मीही मोठ्या तोंडाने म्हटलं होतं, बंदूक आहे, परवाना आहे, मोसम आहे, एका गोळीचं काम. आणि आता हे असं. पांढरं हरीण मारील तो वर्षाच्या आत मरेल, हे मला पहिली बंदूक हातात देताना तुम्हीच सांगितलं होतंत. माझा यावर विश्वास नाही. पण मी मारणारही नाही. आणि मामा, मला ती ग्राझला जायलाही नको आहे. ती नसली की घर फार मोठं होतं.

म्हणून गुरुवारी गुत्त्यावर हा प्रश्न शिकार मंडळापुढे ठेवला. प्रमुख हुबमान म्हणाले, अर्धंच पांढरं असेल तर सहा महिने धरायचे. ढोरांचे डॉक्टर म्हणाले, गोळी कुठल्या अंगाने शिरते त्यावर आहे, तांबड्या बाजूने मार, काही होत नाही. त्यावर कोणीतरी विचारलं, मग ती बाहेर कुठून पडणार? डॉक्टरांनी आणखी एक बिअर मागवली. फादर म्हणाले, असल्या गोष्टी मानणं पाप आहे, अगदी खुशाल मार. फक्त चर्चची बाकं दुरुस्त करायची घेतली आहेस ना, तेवढी आधी उरकून टाक. सल्ला सगळ्यांनी दिला, पण 'तुझ्याऐवजी मी मारतो' असं एकही शहाणा म्हणाला नाही. घरी येताना मला एवढंच कळलं, की जाताना मला जास्त कळत होतं.

असो. तुमच्या गुडघ्याला ऊब द्या. माश्यांना आमचा दुरूनच नमस्कार.

तुमचा भाचा,
क्विरिन

ता. क. लिहायचं मुख्य तेच राहिलं. गेली नऊ वर्षं दर नाताळात जेवायला बसलं की तुम्ही सांगता, हा माझा शेवटचा. मागे तर घड्याळ मला आणि टोपी हुबमानला देऊनही टाकलीत (दुसऱ्या दिवशी दोन्ही परत मागून नेलीत). तेव्हा वर्षभराची अट तुम्हाला जाचक होऊ नये. शनिवारी बंदूक घेऊन यावं. वाईट वाटून घेऊ नका, हरीण अर्धंच आहे.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. रद्द समजा. खोडला होता, पण वाचता येतोच आहे, माफ करा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात नोटबुर्गा कपडे वाळत घालायला शेडकडे आली आणि तिने हरणाची डावी बाजू पहिल्यांदा पाहिली. पायरीवर बसली. मग म्हणाली, "अहो, सोमवारी मी त्याला खराट्याने हाणलंय. दोनदा."

सकाळपर्यंत हीच बाई म्हणत होती, की हे नियम रिकामटेकड्या पुरुषांनी केलेत. आता बॅग उघडून कपडे पुन्हा कपाटात लावलेत. तिकडे आपलं काही बरंवाईट झालंच तर बहीण आपल्याला शवपेटीत नेमका तो नावडता हिरवा झगा घालील, म्हणते. उरलेला घेवडा हरणाला खाऊ देते आहे, गुलाबाची कुंडीही तिने त्याच्या जवळ सरकवली. मी सांगितलं की खराटा यात धरत नाहीत, पण माझ्या शब्दाला काय किंमत? चार दिवस भेदरून बसलेला मीच. तुमचं ती ऐकेल. उलट टपाली तिच्या नावाने पत्र घाला, आणि खराट्याचं काहीच लागत नाही असं मोठ्या अक्षरात लिहा. खरं काय असेल ते मलाही कळवू नका.