तीन वर्षांचा दाखला

मंगळवार, ९ सप्टेंबर

जपानी शिकायला जपानला जायचं तर बी.ए.नंतरची तीन वर्षं कुठे होतीस, याचा कागद व्हिसासाठी लागतो. घरी होते. अर्धांगवायू झालेल्या आईला उठवत, भरवत, पुसत होते. एजंट म्हणाला, "मॅडम, ते खरंय, पण त्याचा दाखला कोण देणार? नोकरी केली असं दाखवा."

आज पप्पांनी अंबडच्या त्यांच्या कारखान्यातून दाखला आणला. एवढ्या वर्षांत त्यांनी मालकाकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या कागदावर मी तीन वर्षं तिथे कारकून होते. वर्तन चांगले. नको म्हणायला हवं होतं का? म्हटलं नाही. हात पुढे केला, हे खरं.

आईने विचारलं, "काय आलंय?" पप्पांनी तिला सगळं वाचून दाखवलं. का वाचलं? तिच्यापासून काही लपवायची सवय नाही म्हणून? तिची जीभ अजून जड आहे, पण आज शब्द स्पष्ट होते.

"बरंय. मग तेव्हा माझं कोण करत होतं, तेही लिहून आणा."

पप्पा हसले. त्यांना वाटलं, ती गंमत करतेय. ती हसत नव्हती.

मी उठले आणि दाखल्याच्या दोन झेरॉक्स काढून आणल्या.