साडेचार पूर्वेला, सहा उत्तरेला

३ मार्च

ती. ताईस, धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

हात गळ्यात बांधलाय, म्हणून अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौकात मी टेम्पो घेऊन पूर्वेला चाललो होतो. दक्षिणेकडून मोटार आली आणि टेम्पोवर आदळली. आत कोण, तर काका! बाबांना फर्निचरच्या दुकानातून हुसकावणारे आपले सख्खे काका. तक्रारीत लिहितात, मी विसाच्या वेगाने येत होतो, यानेच मालाने ठासून भरलेला टेम्पो भरधाव आणला. वीस तारखेला आरटीओत सुनावणी आहे. परवाना गेला तर खायचं काय?

तू शाळेत विज्ञान शिकवतेस, काहीतरी कर. गाड्या एकमेकींत अडकून घसरल्या, त्या खुणा टेपने मोजल्या: साडेचार मीटर पूर्वेला, सहा उत्तरेला. वजनं कागदपत्रांवरून उतरवली: टेम्पो दोन हजार किलो, मोटार हजार.

लोभ आहेच, जरा डोकंही चालव.

ढब्बू

७ मार्च

चि. ढब्बूस, अ. उ. आ.

हात शेकत जा. पत्र वाचलं आणि तपासायच्या वह्या बाजूला सारल्या. त्या दुकानाच्या पायरीवर पिशवी धरून उभे असलेले बाबा मी विसरलेले नाही.

वजन गुणिले वेग म्हणजे संवेग. टकरीआधी पूर्वेला जेवढा, तेवढाच टकरीनंतर. उत्तरेचंही तसंच, फक्त दोन्ही दिशा वेगळ्या मांडायच्या. पूर्वेला जाणारा एकटा तू, म्हणून पूर्वेचा सगळा संवेग तुझा, उत्तरेचा काकांचा. तिरके मोजले तर साडेसात मीटर घसरलात, म्हणजे रस्त्याच्या घर्षणाच्या हिशेबाने अडकल्यावर वेग ताशी छत्तीस. उत्तर आलं: तू बत्तीस, काका शहाऐंशी! चाळिसाच्या रस्त्यावर! आता त्यांना पळता भुई थोडी करते.

रागही ठेव, लोभही.

ताई

१० मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

शहाऐंशी वाचून उडी मारली, मग घाम फुटला. टेम्पो रिकामा होता गं. पलंग आधीच उतरवले होते. कागदावरचं वजन भरलेल्याचं. रिकामा हजारच भरतो. मागचं दार उघडं पडलं होतं, काकांनी आत डोकावूनही पाहिलं. तरी भरलेला म्हणाले, कारण जड गाडीवाल्याला सगळेच दोष देतात. त्यांच्याच तोंडचं आहे, तर आपण गप्प बसायचं का?

रागावू नकोस, लोभ कमी करू नकोस.

ढब्बू

१३ मार्च

चि. ढब्बूस, अ. उ. आ.

पुन्हा मांडलं. तू त्रेचाळीस, काका अठ्ठावन्न. तूही मर्यादा ओलांडलीस, भेटलास की कान पिळीन. गप्प बसायचं नाही. खोट्याने जिंकलो तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?

दोन कागद पाठवते. पहिल्यात काकांचा भरलेला टेम्पो, दुसऱ्यात आपला रिकामा. आधी पहिला ठेव, तो त्यांच्याच तक्रारीवरून केलाय असं स्पष्ट सांग आणि वजन खरं का, ते अधिकाऱ्यांना काकांनाच विचारायला लाव. दुकानाच्या कागदावर सही करतोस की रस्त्यावर जातोस, असं त्यांनी बाबांना विचारलं होतं; आता निवड त्यांची. मला मजा येणार आहे, कशाला लपवू?

लोभ दामदुप्पट.

ताई

२० मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

शहाऐंशीचा कागद पाहून काका दोनदा पाणी प्यायले. मग ओरडले, की टेम्पो रिकामा होता, मी डोळ्यांनी पाहिलाय. कारकुनाने ते लिहून सही घेतली. मी दुसरा कागद ठेवला आणि माझा त्रेचाळीसचा वेग आधी वाचला. तक्रार खोटी ठरली. त्यांचा परवाना वर्षभर गेला, माझा पंधरा दिवस.

बाहेर पायरीवर काका पिशवी धरून उभे होते. मोटार घरी न्यायला माणूस नव्हता. मलाही चालतच जायचं होतं. मी त्यांच्यासमोरून गेलो, मुद्दाम सावकाश.

लोभ आहे तो राहू दे.

तुझा ढब्बू