चार नंबर

३ नोव्हेंबर, सोमवार
लोह्याहून सकाळच्या बसने लातूरला आले. एमआयडीसीतल्या गोदामात आजपासून कारकून म्हणून रुजू झाले. खोली छान मिळाली, खिडकीत दुपारपर्यंत ऊन असतं. घरमालकीण सरजाबाईंनी पिशवी खाली ठेवायच्या आत चहा दिला. गोदामातली माणसंही चांगली आहेत. निलंग्याकडचे गुंडप्पा सगळ्यांत जुने, मग नरसिंग, शेषेराव आणि सुगत. सुगतने लांबूनच जयभीम केला. सगळे वैनी म्हणतात, कारण माझे पती आनंदराज सात वर्षं यांच्याबरोबर इथेच होते. मार्चमध्ये इथेच अपघातात गेले. त्यांच्या जागी कंपनीने मला घेतलं. गुंडप्पांनी ताकीद दिली की रडायचं आसंल तर हपिसात रडा, धक्क्यावर न्हाई, तिथं डोळे कोरडे लागतेत. सगळे हसले. मीही हसले, आठ महिन्यांत पहिल्यांदा.

५ नोव्हेंबर, बुधवार
काम समजलं. ट्रेलरच्या तळाला लोखंडी रोलर आहेत. नळीने हवा भरली की ते वर उचलले जातात आणि माल रचलेला दोन टनांचा पॅलेट दोन माणसं हाताने ढकलतात. ढकलायला सोपा, थांबवायला अशक्य. म्हणून आधी चाकांना ठोकळे, मग मालाच्या वाटेत कोणी नाही याची खात्री, मग नंबर. आत गेलेला प्रत्येक माणूस बाहेर, माल चढवायच्या-उतरवायच्या धक्क्यावर येऊन आपला नंबर देतो. एक गुंडप्पा, दोन नरसिंग, तीन शेषेराव, पाच सुगत. चार आमच्या यांचा होता, तो कोणी घेतलेला नाही. सगळे नंबर आले की मी मान हलवायची, मग गुंडप्पा बाहेरची दांडी ओढतात आणि मालाला अडवणारे आतले अडसर एकदम पडतात, माल घरंगळत सुटतो. भिंतीवर लाल रंगात लिहिलंय, ‘आपला नंबर आपल्याच तोंडाने द्या.’ रंग नवा आहे. एवढं लिहायची वेळ का आली, असं मी विचारलं. नरसिंग म्हणाला, चहा आला.

८ नोव्हेंबर, शनिवार
शेषेराव नकला फार छान करतो. साहेबांची शिंक, गुंडप्पांचं कानडी हेल काढून ‘बर्री, बर्री’ बोलावणं. गुंडप्पा म्हणाले, लेका, माझं सोंग माझ्यापेक्षा बरं काढतोस, पगारबी तूच घे. हसण्याच्या भरात मी विचारलं की यांचा आवाज येतो का काढता. शेषेरावने डबा तसाच झाकला आणि उठून गेला.
मी उगाच नव्हतं विचारलं. चेहरा जसाच्या तसा आठवतो, पण आवाज आठवत नाही. दिवाळीनंतर एका सकाळी उठले तर तो गेलेलाच होता. हे कोणाला सांगू?

११ नोव्हेंबर, मंगळवार
आज तीन आणि पाच यांच्या मध्ये ट्रेलरच्या आतून कोणीतरी म्हणालं, चार.
मी शेषेरावला रागावले. तो पांढराफटक पडला होता. म्हणाला, वैनी, तुमालाबी ऐकू आलं? बाकी कोणालाच आलं नव्हतं. मग तो सगळं बोलला. मार्चमध्ये हे ट्रेलरच्या आत, दोन पॅलेटच्या मधल्या जागेत, अडकलेला रोलर मोकळा करत होते. घाई होती. शेषेरावला वाटलं, पाणी प्यायला गेले असतील. म्हणून गमतीने यांच्या आवाजात त्यानेच चार म्हटलं. सगळे हसले. दांडी ओढली गेली. म्याच मारलं वैनी त्येला, म्हणाला.
मला राग यायला हवा होता. मी एवढंच म्हटलं की एकदा तो आवाज काढून दाखवा. तो न्हाई, न्हाई करत रडत राहिला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
शेषेराव आला नाही. काम सोडून जळकोटला गावी गेला. म्हणजे आता नक्कल करणारं कोणी नाही.
एक. दोन. आणि आतून — चार.
थोडा घोगरा, शेवटचा र ओढलेला. यांचाच. ऐकल्याबरोबर आठवला. 
मी मान हलवली नाही. आत माणूस आहे म्हटलं. गुंडप्पा स्वतः जाऊन बघून आले. कोणबी न्हाई वैनी, म्हणाले, घरी जाऊन पडा जरा.
मी मान हलवली. अडसर पडले. माल पुढे गेला आणि आतून जो आवाज — तो इथे लिहिणार नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आज तीन गाड्या. तीनदा चार. तीनदा मी मान हलवली.
दर वेळी ते नंबर देतात. दर वेळी मी —
कोणी बाहेर काढलंच नाही त्यांना. गाडीतून शरीर नेलं लोह्याला, पण त्यांना नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
जेवणाची सुट्टी. धक्क्यावर कोणी नाही. वही घेऊन ट्रेलरच्या आत आले. पुढचा पॅलेट छतापर्यंत उंच, त्याच्यामागे हातभर जागा, मग दुसरा. अशाच जागेत ते होते, तिथेच उभी आहे.
म्हटलं, अहो, चला आता. बाहेर ऊन आहे. नंबर तुम्हीच द्या, तुमच्या तोंडाने.
रोलर फिरतायत. हात न लावता, एकामागून एक. माझ्या पायाकडून दाराकडे. कोणी तरी अंगाला घासून —
गेले.

पावलं. सगळे आलेत. नरसिंग विचारतोय, वैनी कुठायत. गुंडप्पा म्हणतायत, हपिसात आसतील, आज मान म्याच हलवतो, घ्या नंबर.

एक.
दोन.
चार.

बाहेरून. उजेडातून. सुटले ते.

पाच.

मला नंबरच नाही. हाक मारायला हवी — हवा भरतायत, तळातले रोलर वर —
मारते. पण आवाज केला तर त्यांचा ऐकू येणार नाही. बोलतायत ते, बाहेर, काहीतरी बोलतायत. थोडं ऐकू दे, मग